अम्माऊसची वाट

ईस्टरचा तिसरा रविवार. लूकच्या शुभवर्तमानाचा 24वा अध्याय वाचला. यरुशलेमपासून अम्माऊस सुमारे 11 किलोमीटर. पायी अडीच-तीन तास. येशूचे दोघे शिष्य निघालेत. एक क्लयपा, दुसऱ्याचं नाव लूकने दिलेलंच नाही. तिथं आपलं नाव घालून बघावं. येशूवर मोठी आशा होती, ती त्याच्या मरणाने मोडली, आता गुमान घरी जायचं. भाव पडलेल्या दिवशी मानवतच्या कापूस बाजारातून परतणाऱ्या शेतकऱ्याची चाल अशीच असते.

वाटेत भेटलेला अनोळखी माणूस शास्त्र उलगडून सांगतो, तरी हा येशूच आहे अशी ओळख पटत नाही. पटते ती जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा. खरं तर तो पुढेच जाणार होता. दिवस कलला म्हणून या दोघांनीच आग्रह करून ठेवून घेतलं. आग्रह केला नसता तर? ओळख पटली आणि त्याच घटकेला दोघे उलट्या पावली यरुशलेमला निघाले. थकवा कुठच्या कुठे पळाला.

पेंटेकॉस्टपर्यंतच्या या 50 दिवसांत वाचन, प्रार्थना होईलच. पण वैशाखाच्या उन्हात दारावरून जाणाऱ्याला ‘या, बसा, पाणी घ्या’ एवढं तरी म्हणा. ओळख तिथूनच सुरू होते.