टायरला लावलेली धार

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या वायव्य कोपऱ्यातली जमीन चिकणमातीची. एकेकाळी इथे मोठी दलदल होती. एकोणिसाव्या शतकात चर खणून, पाणी काढून ती शेतीखाली आणली गेली. पाऊस पडला की ही माती बुटाला सोडत नाही, आणि उन्हात विटेसारखी होते. याच भागातल्या बोलिंग ग्रीन गावात १९६७ साली ट्रॅक्टर-ओढीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. आणि याच भागातल्या एका शेतकरी घरात एका उन्हाळ्यात टायरवरून असा वाद झाला, की दोन दिवस जेवताना कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मुलगा बावीस वर्षांचा. वडील इतकी वर्षं जत्रेतल्या स्पर्धेत शेतातलाच ट्रॅक्टर, शेतातल्याच टायरवर उतरवत आले होते. मुलाला मात्र वरच्या वर्गात जायचं होतं. तिथे कापलेल्या टायरशिवाय निभाव लागत नाही.

"मागचे टायर नवेच आहेत. तेच कापू या," तो म्हणाला.

हिशेबाची वही आईकडे. तिने एवढंच विचारलं, "मग मका कशावर पेरायचा?"

आता हे कापणं म्हणजे काय? या स्पर्धेत ट्रॅक्टरच्या मागे एक अवजड घसरगाडी जोडतात. ट्रॅक्टर पुढे जाईल तशी गाडीवरची वजनाची पेटी मागच्या चाकांवरून पुढे सरकत येते, गाडीचा पुढचा सपाट तळ मातीत दाबला जातो आणि ओझं दर फुटाला वाढत जातं. धाव साधारण ३०० फुटांची. इंजिनाच्या गप्पा सगळेच मारतात, पण त्याची ताकद मातीला भिडते ती मागच्या दोन टायरांतून. टायरचे दाते मातीत रुतायला हवेत, पण त्यांनी खड्डा खणता कामा नये. खड्डा झाला की ट्रॅक्टर जागीच बसतो. म्हणून दात्यांच्या कडा कापून, ग्राइंडरने तासून धारदार करतात. शिवाय रबर कमी झालं की चाक हलकं होतं, आणि वाचलेलं तेवढं वजन लोखंडी ठोकळ्यांच्या रूपाने ट्रॅक्टरच्या पुढच्या टोकाला टांगता येतं. ओढताना तोंड वर उचलणाऱ्या ट्रॅक्टरला ते फार उपयोगी पडतं.

पण तासलेलं रबर परत चिकटवता येत नाही. असा टायर शेतात आणि रस्त्यावर भराभर झिजतो. आईचं काही चुकलं नव्हतं.

वाट काढली वडिलांनी. दुसऱ्या एका स्पर्धकाने काढून ठेवलेली, आधीच कापलेली जोडी ते बघायला गेले. मुलगा दात्यांची धार बघत होता. वडिलांनी आधी रबरात नख रोवून पाहिलं. वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं रबर कडक होतं, ते माती धरत नाही. ही जोडी ताडपत्रीखाली ठेवलेली होती. मग त्यांनी टेपने दोन्ही टायरांचा घेर मोजला. एकाचा घेर इंचभर जास्त भरला. असे टायर चढवले तर ट्रॅक्टर सरळ न जाता एका अंगाला ओढ घेतो. त्यावरून घासाघीस झाली, किंमत थोडी उतरली, आणि मोठा टायर तासून दोघांचा घेर जुळवण्यात मुलाच्या दोन संध्याकाळी गेल्या.

राहता राहिली हवा. हवा कमी ठेवली की टायर बसका होतो आणि जास्त दाते जमिनीला टेकतात. फारच कमी केली तर रिम फिरते आणि टायर मागे राहतो. स्पर्धेच्या सकाळी आईनेच खडू घेऊन रिमपासून टायरपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

ट्रॅक्टर २६० फुटांच्या पुढे गेला आणि थांबला. मुलगा खाली उतरला तो मान खाली घालूनच. आई मात्र चाकाशी उकिडवी बसली होती. रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि मध्ये चार बोटांचं अंतर पडलं होतं.

"हवा कमी पडली," ती म्हणाली, आणि वहीत टायरांच्या किमतीखाली त्या दिवशीच्या हवेचा आकडा लिहून ठेवला.