परवडणाऱ्या युरोपची जडणघडण

पाठीवर एक सॅक, हाती रेल्वेचा पास आणि रात्रीपुरती सामायिक खोलीतील एक खाट, एवढ्या तयारीवर बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, क्राकूव्ह, बुडापेस्ट अशी पाच-सहा शहरे तीन-चार आठवड्यांत पाहून येणाऱ्या प्रवाशाला ‘बॅकपॅकर’ म्हणतात, आणि त्याच्या प्रवासाविषयी बोलताना बहुधा त्याच्या काटकसरीचे व धाडसाचे कौतुक केले जाते. हे गुण लागतात यात शंका नाही. परंतु नुसत्या काटकसरीने प्रवास स्वस्त होत नाही. ज्या प्रदेशात रात्रीचा निवारा, पिण्याजोगे पाणी, वेळेवर सुटणारी गाडी आणि थोडक्या पैशांत मिळणारे साधे जेवण यांची व्यवस्था कोणीतरी आधीच लावून ठेवलेली असते, तिथेच काटकसर करणाऱ्याच्या हाती काही शिल्लक उरते. जिथे ती नसते, तिथे कमी पैशांचा प्रवास म्हणजे निव्वळ हाल. म्हणून युरोपातील स्वस्त प्रवास समजून घ्यायचा तर प्रवाशाच्या खिशापेक्षा या व्यवस्था कोणी, केव्हा आणि कोणासाठी उभारल्या, याकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

या व्यवस्थेचे सर्वांत जुने मूळ कारागिरांच्या भ्रमंतीत सापडते. जर्मन भाषक प्रदेशात सुतार, गवंडी, छप्पर घालणारे यांनी उमेदवारी संपल्यावर गावोगावच्या उस्तादांकडे काम करत फिरण्याची प्रथा मध्ययुगापासून आहे. तिला ‘वाल्त्स’ म्हणतात. भ्रमंती तीन वर्षे आणि एक दिवस चालावी, त्या काळात स्वतःच्या गावापासून ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकू नये, निघणारा अविवाहित आणि कर्जमुक्त असावा, वाहनासाठी आणि मुक्कामासाठी शक्यतो पैसे मोजू नयेत, असे तिचे नियम आहेत, आणि काळ्या कॉर्डरॉयचा पोशाख, रुंद काठाची टोपी व गाठोडे अशा वेशात हे कारागीर आजही जर्मनीच्या रस्त्यांवर अधूनमधून दिसतात. अशा फिरत्या तरुणांना शहरात डोके टेकायला सुरक्षित जागा असावी म्हणून कोलोन येथे १८४९ मध्ये आडोल्फ कोल्पिंग या धर्मगुरूने कारागिरांचा संघ काढला. कोल्पिंग स्वतः आधी चांभारकाम करणारा कारागीर होता, आणि फिरत्या कारागिरांच्या मुक्कामांच्या वाईट अवस्थेचा अनुभव त्याने घेतलेला होता. त्याच्या नावाची वसतिगृहे जर्मनी व ऑस्ट्रियातील अनेक शहरांत अजून चालतात.

तथापि आजच्या हॉस्टेलचा थेट पूर्वज शाळेच्या वर्गखोलीत जन्मला. पश्चिम जर्मनीतील आल्टेना या गावचे शिक्षक रिचर्ड शिरमान ऑगस्ट १९०९ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आखेनकडे पायी निघाले असता ब्रोल नदीच्या खोऱ्यात वादळी पावसात सापडले आणि एका गावच्या शाळेत गवत पसरून त्या सर्वांनी रात्र काढली. धुराने काळवंडलेल्या उद्योगनगरांतील मुलांना मोकळ्या हवेत नेण्याचा शिरमान यांचा आग्रह जुनाच होता. अडचण होती ती मुक्कामाची, कारण खाणावळी व धर्मशाळावजा पथिकाश्रम कामगारांच्या मुलांना परवडत नव्हते. सुटीत प्रत्येक गावची शाळा रिकामी असते, तेव्हा एका दिवसाच्या पायपिटीच्या अंतरावर एकेका शाळेची खोली वाटसरू मुलांसाठी उघडली तर देशभर निवाऱ्यांची साखळी तयार होईल, हा विचार त्या रात्रीचा. या विचाराचे मोल असे, की त्यात नवीन इमारत बांधायची नव्हती आणि कोणाचे घरही घ्यायचे नव्हते. वापराविना पडून असलेली सार्वजनिक जागा वापरात आणायची होती. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे वसतिगृह सुरू झाले, व्हिल्हेल्म म्युन्कर या संघटकाच्या जोडीने शिरमान यांनी ही चळवळ वाढवली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील वसतिगृहांची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. १९३२ मध्ये अॅमस्टरडॅम येथे आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने जर्मनीतील वसतिगृहे हिटलर युथ या संघटनेच्या ताब्यात दिली, आणि शिरमान यांना पुढे आपली पदे सोडावी लागली. परस्परांविषयी भीती नसलेली तरुण पिढी घडावी म्हणून मांडलेल्या खाटांचा उपयोग युद्धाची तयारी करणाऱ्या तरुणांसाठी व्हावा, ही या इतिहासातील सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे. युद्धानंतर चळवळ पुन्हा उभी राहिली आणि तिची शाखा भारतातही रुजली. महाराष्ट्रातील कित्येकांनी हिमालयातील आपला पहिला ट्रेक ‘यूथ हॉस्टेल’च्या तंबूंत मुक्काम करूनच केलेला असतो, मात्र त्या नावामागे एका जर्मन प्राथमिक शिक्षकाची पावसातील रात्र आहे हे फारसे कोणाच्या कानावर आलेले नसते.

आजच्या शहरी हॉस्टेलांपैकी पुष्कळ खासगी आहेत, पण रचना तीच: चार ते बारा जणांची डॉर्मिटरी, एकावर एक खाटा, खाटेखाली कुलूप लावायचा कप्पा (कुलूप बहुधा स्वतःचे आणावे लागते), सामायिक न्हाणीघर आणि स्वयंपाकघर. या स्वयंपाकघरात एक फळी अशी असते, जिच्यावर पुढच्या गावी निघणारे लोक उरलेले तांदूळ, मीठ, तेल, पास्ता ठेवून जातात आणि नंतर येणारा ते निःसंकोच वापरतो. खाटेचा दर मात्र मागणीप्रमाणे रोज बदलतो, आणि शुक्रवार-शनिवारी तो चढतो. म्हणून अनुभवी प्रवासी महागड्या शहरात आठवड्याच्या मधल्या दिवशी पोहोचेल अशी आखणी करतो. दरावर नगरपालिकेचा पर्यटक-कर वेगळा लागतो, जो अॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून १२.५ टक्के आहे.

दुसरा आधार रेल्वेचा. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेला ५० वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९७२ मध्ये २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ‘इंटररेल’ हा पास निघाला, ज्यावर महिनाभर २१ देशांत गाडीने फिरता येत होते. योजना एका वर्षापुरती होती. ती इतकी लोकप्रिय झाली की कायम राहिली, पुढे वयाची अट शिथिल होत गेली आणि १९९८ मध्ये ती उठली. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी १९५९ पासून ‘युरेल’ हा वेगळा पास आहे, आणि भारतातून जाणाऱ्याला तोच घ्यावा लागतो. पासचा हिशेब ‘प्रवास-दिवस’ या मापाने होतो: महिन्याभरात पाच किंवा सात दिवस प्रवासाचे म्हणून निवडायचे, त्या प्रत्येक दिवशी हव्या तितक्या गाड्या बदलायच्या. म्हणजे रोज थोडे थोडे सरकणाऱ्यापेक्षा एका शहरात चार दिवस राहून मग लांबचा टप्पा गाठणाऱ्याला पास अधिक फळतो. शिवाय फ्रान्स, स्पेन आणि इटलीतील वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात, तर जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया या देशांतील बहुतेक गाड्यांत पास घेऊन सरळ चढता येते. कमी खर्चाच्या प्रवासाला मध्य युरोप मानवतो, त्याचे हे एक ठोस कारण आहे. दोन-तीनच टप्पे असतील तर दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटेच पासपेक्षा स्वस्त पडतात, हेही खरे.

रात्रीची गाडी ही या व्यवस्थेतील सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट, कारण तीत अंतरही कापले जाते आणि एका मुक्कामाचे पैसेही वाचतात. ‘कुशेत’ म्हणजे सहा जणांचा शयनकक्ष आपल्याकडील थ्री टियरची आठवण करून देतो. जर्मन रेल्वेने २०१६ च्या अखेरीस आपल्या शयनगाड्या बंद केल्या, तेव्हा ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यांतील बराच भाग घेऊन ‘नाइटजेट’ नावाने चालवला. पण फ्रेंच सरकारने अनुदान काढून घेताच डिसेंबर २०२५ मध्ये पॅरिसहून व्हिएन्नाला व बर्लिनला जाणारे नाइटजेट थांबले. प्रवाशांच्या आवडीनिवडीत त्या वर्षी काहीच फरक पडला नव्हता. बदलला होता तो सरकारी अर्थसंकल्प.

स्वस्त विमानसेवा आणि लांब पल्ल्याच्या बस यांचा जन्मही कायद्यातून झाला. युरोपीय विमानबाजार १९९३ ते १९९७ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला, आणि रेल्वेच्या संरक्षणासाठी जर्मनीने १९३० च्या दशकापासून लांब पल्ल्याच्या बसवर घातलेले निर्बंध २०१३ मध्ये उठले. विमानाचे तिकीट कमी किमतीचे दिसले, तरी सामानाचे पैसे आणि दूरच्या विमानतळावरून शहरात येण्याचे भाडे त्यात मिळवूनच तुलना करावी. पॅरिसच्या नावे विकले जाणारे बोव्हे हे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे.

पाण्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण उन्हाळ्यात दिवसभर पायी फिरणाऱ्याचा बाटल्यांवर होणारा खर्च किरकोळ नसतो. रोममध्ये १८७४ पासून बसवलेले ‘नाझोने’ नावाचे ओतीव लोखंडाचे सुमारे अडीच हजार नळ अखंड वाहतात. त्यांच्या तोटीवर बोट दाबले की वरच्या छिद्रातून कारंज्यासारखी धार येते आणि ओंजळ न करता पाणी पिता येते. व्हिएन्नाचे पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून येते. विहिरींच्या दूषित पाण्याने पसरणाऱ्या टायफॉइडवर उपाय म्हणून भूशास्त्रज्ञ एदुआर्द झ्यूस यांनी या जलवाहिनीची योजना नगरपालिकेकडून मान्य करून घेतली आणि १८७३ मध्ये ती सुरू झाली. ‘गोंडवानालँड’ हे प्राचीन महाखंडाचे नाव रूढ करणारे शास्त्रज्ञ ते हेच. गोंडांच्या भूमीवरून पडलेल्या त्या नावाशी विदर्भाचे नाते आहे, आणि व्हिएन्नाच्या रस्त्यावरील नळाला बाटली लावणाऱ्या मराठी प्रवाशाने ते जरूर आठवावे. त्याच शहरातील सरकारी ऑपेरागृहात उभ्याने पाहण्याच्या जागा बैठकीच्या तिकिटाच्या अल्प अंशात मिळतात. जागा मिळाल्यावर समोरच्या कठड्याला रुमाल बांधून ठेवायचा, मग मध्यंतरात ती कोणी घेत नाही, असा तेथील शिरस्ता आहे.

जेवणाच्या बाबतीत पोलंडचे ‘बार म्लेच्नी’, म्हणजे शब्दशः ‘दुधाचे उपाहारगृह’, वेगळे लक्ष वेधून घेते. वॉर्सामध्ये १८९६ मध्ये असे पहिले उपाहारगृह निघाले. साम्यवादी राजवटीत त्यांचा विस्तार कामगारांसाठी झाला आणि आजही बिनमांसाच्या पदार्थांवर सरकार अनुदान देते. महाराष्ट्रातील १९९५ ची एक रुपयाची झुणका-भाकर किंवा २०२० पासूनची दहा रुपयांची शिवभोजन थाळी आठवावी, अशीच ही कल्पना; फरक एवढाच, की पोलंडमध्ये ती शंभराहून अधिक वर्षे टिकली. बटाटा व ताजे चीज भरून पाण्यात उकडलेली करंजी म्हणजे ‘पिएरोगी’ शाकाहारी प्रवाशाला तिथे पोटभर मिळते, मात्र तिच्यावर डुकराच्या चरबीची फोडणी घालण्याची पद्धत असल्याने ती नको असे आधी सांगावे लागते.

या साऱ्या व्यवस्था खुल्या असल्या, तरी सर्वांना सारख्या खुल्या नाहीत. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावाशेजारी मोझेल नदीतील एका बोटीवर पाच देशांनी केलेल्या कराराची अंमलबजावणी १९९५ मध्ये झाली आणि आज २९ देशांच्या परस्पर सीमांवर नियमित तपासणी होत नाही. युरोपीय संघ २०१८ पासून अठरा वर्षांच्या निवडक तरुणांना प्रवासाचे पास मोफत देतो. भारतीय तरुणाला मात्र ९० युरोचे शुल्क, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, मुक्कामांची आगाऊ नोंद आणि खर्चाच्या क्षमतेचा पुरावा देऊन, ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे त्याच देशाकडे व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. मिळाला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. मनात येईल तिथे उतरावे हा बॅकपॅकिंगचा गाभा. तो या अटींत बसत नाही, आणि ही विषमता स्पष्ट शब्दांत नोंदवली पाहिजे. १९२३ मध्ये मुंबईहून सायकलवर निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे इटलीतून इंग्लंडपर्यंत व पुढे जगाला फेरी घालून १९२८ मध्ये परतले. शंभर वर्षांनंतर रस्ते सुधारले, पण त्यांच्याच शहरातील तरुणाला निघण्याआधी प्रत्येक रात्रीचा पत्ता कागदावर दाखवावा लागतो.

दुसरीकडे, ज्या शहरांनी हा प्रवास शक्य केला त्यांतील रहिवासी आता थकले आहेत. व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांवर किमान ५ युरोंचे प्रवेशशुल्क लावले. बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने संपवण्याचे जाहीर केले आहे, कारण त्या सदनिका पाहुण्यांकडे गेल्यामुळे शहरातील माणसाला भाड्याने घर मिळेनासे झाले. या तक्रारीत तथ्य आहे. स्वस्त खाट आणि कोणाचे तरी गेलेले घर यांत फरक करता आला पाहिजे, आणि तो करण्याची कसोटी शिरमान यांच्या मूळ कल्पनेतच आहे: जागा कोणाची काढून घेतलेली आहे, की रिकामी पडलेली आहे? व्हिएन्नामध्ये जुलै ते सप्टेंबर या काळात विद्यार्थी सुटीसाठी घरी जातात, तेव्हा त्यांची काही वसतिगृहे प्रवाशांसाठी उघडली जातात. टेबल, खुर्ची, पुस्तकांची मोकळी फळी आणि एक खाट असलेली ती खोली काही रात्रींपुरती मिळते, आणि ऑक्टोबर लागताच ती पुन्हा विद्यार्थ्याची होते.