सरासरीपासून किती दूर

जव्हारला भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यापासून विसरणाचा, म्हणजे कण आपोआप पसरत जाण्याचा, धडा मी दुधापासून सुरू करतो. थोडं दूध भरपूर पाण्यात पातळ करायचं, त्यातला थेंब स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिप ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची. चरबीचे बारीक गोळे दिसतात आणि त्यातला एकही स्वस्थ नसतो. पहिल्यांदा पाहणारी मुलं विचारतात, "सर, हे जिवंत आहेत का?" रॉबर्ट ब्राउनलाही 1827 मध्ये परागातले कण हलताना पाहून हीच शंका आली होती. ती फेडायला त्याने काचेची, दगडाची पूड पाण्यात घालून पाहिली. निर्जीव कणही तसेच हलत होते.

मग खरं काम सुरू होतं आणि ते चिकाटीचं आहे. एक गोळा निवडायचा, मोबाइलवर त्याचं चित्रण करायचं, दर सेकंदाची त्याची जागा आलेखाच्या कागदावर टिपायची. मग दुसरा गोळा, मग तिसरा. सगळ्यांच्या विस्थापनांची सरासरी काढली तर ती शून्याजवळ येते, कारण जितके डावीकडे गेले तितकेच उजवीकडे गेलेले असतात. मुलांचे चेहरे पडतात. तेव्हा मी सांगतो, आता प्रत्येक विस्थापनाचा वर्ग करा आणि मग सरासरी काढा. ही सरासरी काळाबरोबर सरळ रेषेत चढत जाते. एक मायक्रोमीटर व्यासाचा गोळा पाण्यात एका सेकंदात एखाद्या दिशेला साधारण एक मायक्रोमीटर सरकतो. शंभर सेकंदांत मात्र शंभर नव्हे, दहाच. विसरणाचं सगळं वागणं या वर्गमुळात आहे. अगदी स्थिर पाण्यात, न ढवळता, साखरेला एक सेंटिमीटर पसरायला दिवसाहून अधिक लागतो. दहा सेंटिमीटरला दहापट नव्हे, शंभरपट वेळ लागतो.

ही रेषा किती चढी आहे यावरून काय कळतं, हे 1905 मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं. पाण्याचे जे रेणू गोळ्याला धक्के देतात, तेच त्याच्या वाटेत येऊन त्याला अडवतातही. म्हणून तापमान, पाण्याचा चिकटपणा आणि गोळ्याचा आकार माहीत असला, तर गोळ्याच्या भटकण्यावरून एका मोलमधल्या रेणूंची संख्या काढता येते. माझ्या मते भौतिकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी हा एक. पॅरिसमध्ये झाँ पेरँने गॅम्बोज नावाच्या पिवळ्या राळेचे कण घेऊन ही मोजणी जिद्दीने केली. ही राळ कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतल्या झाडांपासून मिळते, हे कोकणातल्या मुलांना मी मुद्दाम सांगतो. अणू खरोखर आहेत की नाहीत, हा जुना वाद मिटवण्यात या मोजणीचा मोठा वाटा होता. पेरँला 1926 चं नोबेल मिळालं. सरासरीतून जे कळलं नसतं, ते सरासरीभोवतीच्या चढउतारांतून कळलं.

हे शिकवताना मी खिडकीबाहेर पाहायला सांगतो. जव्हार-मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. वर्षाच्या सरासरीला मे महिना दिसत नाही.

चढउतार किती मोठा असावा, यालाही नियम आहे. घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार साहजिक. खोलीतल्या हवेच्या रेणूंची संख्या इतकी प्रचंड आहे, की तिच्यातला फरक प्रमाणाने नगण्य ठरतो. पण वर्षाला सरासरी पंचवीस जन्म होणाऱ्या गावात एका वर्षी वीस, तर दुसऱ्या वर्षी तीस होणं यात नवल नाही. सरासरी तीन बालमृत्यू होणाऱ्या गावात यंदा एकच झाला, एवढ्यावरून ते रोखण्याची योजना यशस्वी ठरत नाही. पाच झाले, एवढ्यावरून ती फसली असंही ठरत नाही. इतक्या लहान आकड्यांवर टक्केवारी काढून पाठ थोपटणारे अहवाल मला अस्वस्थ करतात. अर्थात, चढउताराच्या या मर्यादेत बसणारा मृत्यूही टाळता येण्यासारखा असू शकतो. गणित कोणाला सूट देत नाही.

आणि 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्याच वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तो चढउतार नव्हता. वर्गमुळाचा नियम घटना स्वतंत्र असतानाचा. उपासमार एका घरापुरती थांबत नाही. एकच टंचाई, एकच साथ साऱ्या पाड्याला एकत्र धरते. तिथे मृत्यू एकमेकांशी बांधलेले असतात आणि नियमाची चौकट मोडते. चौकट ठाऊक असेल, तर ती मोडल्याचं पहिल्याच आकड्यांत दिसतं. विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या आरोग्यसेवक होईल, कोणी ग्रामसेवक. नोंदवही त्यांच्याच हातात असेल, म्हणून हे मला शिकवायचंच असतं.

एकमेकांत गुंतलेल्या घटनांचं भौतिकशास्त्र अवघड आहे आणि त्यातलं मोलाचं काम मुंबईत झालं. वाळूचे कण एकेक करून टाकत गेलं की ढीग कधी जरासा ढळतो, कधी सगळाच कोसळतो. पेर बाक, चाओ टांग आणि कुर्त वीझेनफेल्ड यांनी 1987 मध्ये याचं गणिती प्रारूप मांडलं. त्यात या कोसळण्याला ठरावीक असा आकार नसतो. 1990 मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दीपक धर यांनी दाखवलं, की या प्रारूपात ढळण्याचा क्रम बदलला तरी शेवटची स्थिती तीच येते. एवढ्या एका गुणधर्मामुळे पुष्कळ गोष्टी अचूक सोडवता आल्या. 2022 मध्ये त्यांना बोल्ट्झमन पदक मिळालं. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. तेव्हा ते पुण्याच्या आयसरमध्ये शिकवत होते.

आमच्याकडे मात्र प्रश्न पुन्हा विसरणाकडेच वळतो, डासांमुळे. रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादला डासात हिवतापाचा परजीवी शोधला. पुढे त्यांना प्रश्न पडला, की डबक्यात जन्मलेला डास भटकत किती दूर जातो, म्हणजे किती परिसरातली डबकी बुजवायची? कार्ल पिअर्सन यांनी 1905 मध्ये 'नेचर'मध्ये हाच प्रश्न निव्वळ गणिती रूपात गणित्यांपुढे ठेवला, आणि यादृच्छिक भ्रमणाला त्याचं नाव मिळालं.

मोखाड्याच्या एका विद्यार्थिनीने यावर हरकत घेतली: "सर, डास काय नुसता भटकतो का? वारा त्याला नेतो, आणि माणसाचा वास आला की तो तिकडे वळतो." बरोबर आहे. वाऱ्याने गाठलेलं अंतर काळाच्या प्रमाणात वाढतं, भटकण्याने गाठलेलं काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. सुरुवातीला भटकणं वरचढ असतं आणि वाऱ्याचा परिणाम त्यात झाकून जातो. पुढे वाराच जिंकतो. ओहोळापासून पाड्यापर्यंतच्या वाटेत हा पालट कुठे होतो, ते तिला काढायचं आहे. संध्याकाळच्या वाऱ्याचा वेग आधी मोज, असं मी तिला सांगितलंय. तो हाती आल्याशिवाय पुढचं गणित मांडता येणार नाही.