पन्नास रुपयांचा फरक

ओटीटीचा महिन्याचा हिशेब मांडला की डोकं गरगरतं राव! म्हणून आपला साधा नियम: एका वेळी एकच वर्गणी. मालिका बघून झाली की ती बंद, मग दुसरी. मालिका कुठे पळून जातायत?

पण स्वस्तातही एक मेख आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले. मोबाइल प्लॅन १९९ वरून १४९, बेसिक ४९९ वरून १९९. दोन्हींत फरक फक्त ५० रुपयांचा. मात्र मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, म्हणजे एकट्यानेच फोनमध्ये डोकं घालून बसायचं. बेसिकमध्ये आई, बायको आणि मी एकाच सोफ्यावर. वर आईचं दर पाच मिनिटांनी "हा कोण रे?" फुकट!

असो. बाकी काटकसर खुशाल करा, हे ५० रुपये तेवढे वाचवू नका.