मोरीची कुरकुर

नवें घर पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम काय पाहतो, हें कळलें म्हणजे त्याच्या स्वभावाची निम्मी ओळख पटते. कोणी दिवाणखान्यांतला उजेड पाहतो, कोणी देवघराची दिशा विचारतो, कोणी गॅलरींत उभा राहून समोर झाड आहे कीं भिंत आहे याची चौकशी करतो. मी मात्र मोरीकडे वळतों. बादलीभर पाणी एकदम ओततों आणि तें कसें जातें तें कान देऊन ऐकतों. यजमान मला विक्षिप्त समजतात. समजोत बापडे! घराचा चेहरा दिवाणखान्यांत दिसत असेल. पण त्याची प्रकृति कळते ती मोरींत.

पाण्याच्या बाबतींत आपली कृतज्ञता मोठी एकमार्गी आहे. कात्रजचें पाणी पुण्यांत आणणाऱ्या नानासाहेब पेशव्यांचें नांव आपण आदरानें घेतों. पण वापरलेलें पाणी गांवाबाहेर नेण्याची सोय कोणी केली, हें कोणालाच आठवत नाहीं. मोहेंजोदडोच्या लोकांची दृष्टि निराळी होती. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं त्यांनीं विटांचीं गटारें बांधलीं, तीं झांकलीं, आणि झांकण उघडून तीं साफ करतां येतील अशी योजनाही केली. झांकावें, पण विसरूं नये, एवढें शहाणपण त्यांच्यापाशीं होतें. आपण झांकलें कीं विसरलों!

वास्तविक मोरी एकाएकीं तुंबत नाहीं. ती आधीं पुष्कळ दिवस कुरकुरत असते. बेसिनांत पाणी सोडलें कीं पलीकडच्या न्हाणीच्या जाळींतून ‘बुडबुड’ असा आवाज येतो, ही तिची पहिली तक्रार. नळींतून पाण्याबरोबर हवाही चालत असते. वाट मोकळी असली म्हणजे ती छपरापर्यंत नेलेल्या उभ्या नळींतून मुकाट्यानें निघून जाते. पुढें अडथळा आला कीं ती कोंडते आणि जवळच्या पाण्यांतून बुडबुडे काढीत वर येते.

दुसरी तक्रार मंदगतीची. एकटी स्वयंपाकघरांतली मोरीच सुस्तावली असेल, तर दोष बहुधा तिच्यापुरता असतो. जाळीखालीं खरकटें, चहाचा चोथा आणि थिजलेलें तूप यांची बैठक भरलेली असते. परंतु मोरी, न्हाणी आणि संडास हीं तिन्ही एकदम रेंगाळूं लागलीं, तर दोष सर्वांच्या सामाईक नळींत आहे असें समजावें. अशा वेळीं पहिला त्रास होतो तो सर्वांत खालच्याला. वरच्या मजल्यावर कपडे धुण्याचें यंत्र पाणी सोडतें आणि तळमजल्यावरच्या न्हाणींत साबणाचा फेस वर येतो.

तिसरी तक्रार वासाची. प्रत्येक मोरीखालीं नळीला एक वांक दिलेला असतो आणि त्यांत दोनतीन बोटें पाणी नेहमीं राहतें. गटारांतली दूषित हवा घरांत येऊं न देणारा द्वारपाल तो हाच. अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें १७७५ सालीं अशा वांकाच्या शौचपात्राचें पेटंट घेतलें. उन्हाळ्यांत महिनाभर घर बंद ठेवून परत आल्यावर जी दुर्गंधि येते, ती बहुधा हें पाणी सुकल्यामुळें. तांब्याभर पाणी ओततांच ती जाते. पण नित्य वापराच्या मोरींतून ती पुनःपुन्हां येऊं लागली, तर उदबत्ती लावून भागावयाचें नाहीं. दुर्दैव असें कीं घरच्या माणसांचें नाक फार उदार असतें. चार दिवसांत तें सर्व कांहीं पोटांत घालतें. म्हणून पाहुणा उंबऱ्यांत क्षणभर थबकला, तर त्याच्या नाकावर विश्वास ठेवावा.

घराबाहेरचीं लक्षणेंही बोलकीं असतात. भर वैशाखांत अंगणांतल्या एकाच जागीं गवत हिरवेंगार दिसूं लागलें, तर ती निसर्गाची कृपा समजून हरखूं नये. खालीं नळी पाझरत असण्याचा संभव आहे. जुन्या भाजक्या मातीच्या नळांच्या सांध्यांतून पिंपळाचीं आणि उंबराचीं मुळें सहज आंत शिरतात. पावसाळ्यापूर्वीं चेंबरचें झांकण जाणत्या माणसाकडून एकदां उघडवावें. मोरी तुंबली असून चेंबर कोरडें असेल, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या दरम्यान असतो. चेंबरांतच पाणी सांचलें असेल, तर तो पुढें, रस्त्याच्या बाजूला. मात्र त्यांत डोकें घालूं नये आणि काडी तर मुळींच ओढूं नये. कारण तेथें सांचणारे वायु विषारीही असतात आणि पेट घेणारेही.

इथवर हा विषय गृहकृत्याचा वाटेल. पण कुरकुर ऐकली नाहीं म्हणजे एके दिवशीं सर्वच तुंबतें, आणि मग आपण म्हणतों, “माणूस बोलवा.” कोणता माणूस, हें आपण बोलत नाहीं, कारण तें ठरलेलें असतें. तो येतो. आपण आधीं ओतून ठेवलेलें तेजाब नळींत तसेंच असतें. तें त्याच्या हातावर उडतें. सोसायटीचें मलकुंड असेल तर तो आंतही उतरतो. तेथें नासक्या अंड्यासारख्या वासाचा एक वायु असतो. त्याचें प्रमाण वाढलें कीं तो प्रथम माणसाची वास घेण्याची शक्तीच मारतो. दुर्गंधि थांबली, आतां भय नाहीं, असें वाटतें न वाटतें तोंच शुद्ध हरपते.

संरक्षक साधनांवांचून माणसाला गटारांत किंवा मलकुंडांत उतरविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्यावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें. २०२३ सालीं ती रक्कम ३० लाख केली. जीवाचें मोल वाढलें, हें योग्यच झालें. पण भरपाईची पाळीच येऊं नये, ही गोष्ट न्यायालयापेक्षां आपल्या हातांत अधिक आहे. बुडबुड ऐकूं येऊं लागली त्याच आठवड्यांत लक्ष दिलें, तर वरून लांब सळई घालून किंवा यंत्राच्या पाण्याच्या झोतानें काम उरकतें. कोणाला खालीं उतरावें लागत नाहीं.

घरांतल्या माणसांची कुरकुर आपण कानांआड केली, तर तिचीं फळें निदान आपल्यालाच भोगावीं लागतात. मोरीची कुरकुर कानांआड केल्याचा दंड मात्र कधीं कधीं असा एक मनुष्य भरतो, ज्याचें नांवही आपण विचारलेलें नसतें.