प्रत्येक गाठ मूळव्याधीची नव्हे

गुदद्वाराच्या कडेला हाताला लागणाऱ्या लहानशा गाठीला महाराष्ट्रात सरसकट मूळव्याधीचा कोंब म्हटले जाते. चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये पब्लिक हेल्थ सेंटर हे धर्मादाय रुग्णालय १९५३ पासून चालू असले, तरी तिथलाही रुग्ण संकोचापोटी आधी दुकानातून मलम आणतो आणि मग ‘मूलम’, म्हणजे तमिळमध्ये मूळव्याध, हे निदान स्वतःच करून दवाखान्यात येतो. हे आयते निदान बाजूला ठेवणे, हे तपासणाऱ्याचे पहिले काम होय.

गाठ केव्हा आली आणि ती दुखते का, एवढे नीट विचारले तरी निम्मा उलगडा होतो. एका रात्रीत उठलेली, निळसर, टणक आणि बसू न देणारी गाठ बहुधा बाहेरच्या शिरेत रक्त गोठल्याने होते. तिची वेदना पहिले दोन-तीन दिवस तीव्र असते व पुढे आपोआप ओसरते. आतली मूळव्याध मात्र सहसा दुखत नाही, कारण दंतुर रेषेच्या, म्हणजे आतले अस्तर व बाहेरची त्वचा यांच्या सीमेच्या, वरच्या भागाला तशी वेदना जाणवतच नाही. तिची खूण म्हणजे रक्त पडणे. मऊ, न दुखणारी, वर्षानुवर्षे तशीच असलेली घडी ही जुन्या सुजेने सैल पडलेली कातडी असते. पण तीच घडी मागच्या मध्यरेषेवर असून शौचाच्या वेळी चिरल्यासारखे दुखत असेल, तर तिच्या आड फिशर, म्हणजे त्वचेला पडलेली भेग, असण्याचा संभव मोठा. नितंब हलक्या हाताने बाजूला केले की ती दिसते, आणि दिसल्यावर बोट आत घालण्याचा हट्ट धरू नये. तपासणीतले कसब पुष्कळदा थांबण्यातच असते.

गरम, ठणकणारी गाठ आणि सोबत ताप असेल तर ते गळू समजावे. नुसत्या गोळ्यांवर विसंबून न राहता त्यातला पू काढावा लागतो. ते फुटल्यावर पुष्कळदा भगंदर उरते. सुश्रुताने निदानस्थानात न पिकलेल्या अवस्थेला पिडका आणि पिकून फुटलेल्या अवस्थेला भगंदर म्हटले आहे, आणि हा क्रम आजच्या शल्यशास्त्रालाही मान्य आहे. वारंवार उद्भवणाऱ्या भगंदरात क्षयाची शंका घ्यावी.

फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे खडबडीत मोड हे एचपीव्ही विषाणूच्या, बहुधा ६ व ११ या प्रकारांच्या, चामखिळी असतात. चपटे, ओलसर उंचवटे उपदंशाचे असू शकतात, म्हणून रक्ततपासणी हवी. इथे शरीरसंबंधांविषयी विचारावेच लागते, आणि सभ्यतेच्या नावाखाली तो प्रश्न गाळणे हा रुग्णावर अन्यायच ठरतो.

कठीण, व्रण पडलेली किंवा काही आठवड्यांत बरी न होणारी गाठ असेल, तर मलमांत वेळ न घालवता तिचा तुकडा तपासायला पाठवावा.