टाकीतला गाळ

माझ्या स्वभावात एक वाईट खोड आहे. कुठल्याही गोष्टीचा भाव मी दोनशे रुपयांनी पाडतोच. भाजीवाल्यांपासून लग्नाच्या कार्यालयापर्यंत माझा हा लौकिक आहे आणि आमच्या हिला त्याची मनस्वी लाज वाटते. 2019 सालच्या जानेवारीतल्या एका रविवारी, म्हणजे पौष शुद्ध चतुर्दशीला, थळच्या किनाऱ्यावर मी एका म्हाताऱ्या नाखव्याशी अशीच घासाघीस करीत होतो. आम्हांला खांदेरी किल्ला पाहायचा होता. मी, सौभाग्यवती, कॉलेजातला थोरला, आठ वर्षांची धाकटी आणि माझी आत्या, अशी पाच माणसे. आत्याला बाहत्तर वर्षे पूर्ण झाली होती आणि तिच्या पिशवीत संध्याकाळी पाचला घ्यायची रक्तदाबाची गोळी होती. ही गोळी पुढे यायची आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

नाखव्याने दोनशे रुपये सोडले, पण एक अट घातली. "एकच्या आत परत निघायचं. आज चौदस हाय. साडेदहाला भरती, पावणेपाचला सुकती. नंतर होडी किनाऱ्याला लागत नाय."

हे गणित मला फार आवडले. घड्याळ, वेळापत्रक काही नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चौदाची पाऊणपट साडेदहा. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कोकणातल्या पोरासोरांना हे येते. मी मात्र पन्नाशी उलटल्यावर शिकलो आणि शिकल्याच्या आनंदात अट विसरलो.

कारण खांदेरी बेट माणसाला सोडीत नाही. 1679 साली शिवाजीमहाराजांनी तिथे तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपली मोठी जहाजे आडवी घातली. पण वारा पडला की ती जहाजे जागच्या जागी लोळत राहायची आणि आपल्या वल्ह्यांच्या होड्या रात्रीतून त्यांच्या नाकाखालून रसद घेऊन पार व्हायच्या. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. 2025 साली या किल्ल्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले, पण आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही, वेताळाचे देऊळ, 1867 सालचा दीपस्तंभ आणि वारा एवढेच होतो. तिथे एक खडक आहे, त्यावर दगड मारला की भांड्यासारखा टणत्कार निघतो. धाकटीने तो अर्धा तास वाजविला. मग आत्याने डबे उघडले. पुरणपोळ्या होत्या. नाखवा दोनदा येऊन उभा राहिला आणि दोन्ही वेळा मी त्याला पुरणपोळी दिली. होडी सुटली तेव्हा पावणेतीन झाले होते.

सकाळी आरशासारखा असलेला समुद्र आता उठला होता. ओहोटीचे पाणी बाहेर जायला पाहात होते आणि दुपारचा खारा वारा त्याला आत ढकलीत होता. त्या दोघांच्या झटापटीत आखूड, उभ्या लाटा तयार होतात. फार मोठ्या नव्हेत, पण प्रत्येक लाट होडीला बुडाशी धरून हलविते. वीस-पंचवीस मिनिटांनी इंजिनाचा आवाज बदलला. ते दम लागल्यासारखे धापले, दोन वेळा खोकले आणि बंद पडले.

इंजिन बंद पडल्यावर समुद्र किती मोठ्याने बोलतो ते तेव्हा कळले.

मला वाटले नाखवा इंजिनाकडे धावेल. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आधी पोरीला जाकीट घाला." फोटोत लाल फ्रॉक दिसत नाही म्हणून तिचे जीवरक्षक जाकीट मीच काढले होते आणि फळीखाली कोंबले होते. ते बाहेर काढताना माझे हात कापत होते. बंद लागता लागेना. हिने ते माझ्या हातून घेतले आणि लावले. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मग नाखव्याने नातवाला हाक मारली. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, तोच खलाशी. दोघांनी नांगर सोडला. पाणी चार-पाच वाव होते, दोर मात्र त्याच्या चौपट सोडला. मी न राहवून विचारले, इतका कशाला? "उभ्या दोराने नांगर उपटून येतो, दादा. आडवा पडला तर रुततो." होडी वळली, तिची नाळ लाटांकडे झाली आणि हेलकावे निम्म्याने कमी झाले. तेव्हा कुठे त्याने इंजिनाचे झाकण उघडले.

दोष लगेच सापडला. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो. शांत पाण्यात तो बिचारा स्वस्थ असतो. लाटांनी घुसळला की डिझेलबरोबर नळीत येतो आणि फिल्टर चोंदतो. पोराने फिल्टर काढला, डिझेलमध्ये धुतला, फुंकला, परत बसविला. नळीत हवा शिरली होती, म्हणून स्क्रू ढिला करून हाताने पंप मारला. आधी फेस आला, मग नुसते डिझेल. हँडल फिरविले. इंजिन सुरू झाले! आम्ही टाळ्या पिटल्या. दोन मिनिटांत ते पुन्हा बंद. असे तीनदा झाले. चौथ्यांदा कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. नवा फिल्टर होडीत नव्हता. वल्हे एकच होते आणि उधाणाच्या ओहोटीपुढे त्याचा काय पाड! "आमच्या बापाच्या वेळी शीड व्हतं," नाखवा पुटपुटला. "वारा फुकट व्हता."

पोराने किनाऱ्यावर फोन लावला. दोन-तीन होडीवाले मित्र भेटले, पण सगळ्यांचे उत्तर एकच. पाणी उतरले, होड्या चिखलात बसल्या, भरतीशिवाय हलत नाहीत. माझ्या उशिराचा हिशेब असा पुरता झाला. थोरल्याला तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक ठाऊक होता. नाखवा म्हणाला, "नांगर धरून हाय, पाणी आत येत नाय. दिस बुडायच्या आत कोणी आलं नाय तर लाव. लाजू नको." हा माणूस घाबरलेला नव्हता आणि फुशारकीही मारीत नव्हता. माझी भीती त्यामुळे निम्मी झाली.

उरलेली निम्मी आत्याने परत आणली. तिला नेमकी आता 'रामदास' बोट आठवली. 1947 सालच्या जुलैत भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काश्याच्या खडकाजवळ बुडालेली आणि सहाशेहून अधिक माणसे घेऊन गेलेली. आत्या तेव्हा तान्ही होती, पण तिच्या आईने तिला सांगितले ते सारे तिने आम्हांला सांगितले. हिने तिला डोळ्यांनी खूप दटावले. आत्या थांबली नाही, शेवटी मात्र म्हणाली, "जे वाचले ना, त्यांतल्या कितीकांना रेवसच्या कोळ्यांनीच आपल्या होड्यांत ओढून घेतलं होतं." नाखव्याने मान हलविली. त्याला ते ठाऊक होते.

साडेचारच्या सुमाराला मासेमारीची एक मोठी होडी बाहेरून येताना दिसली. पोरगा ओरडत उठला आणि तसाच थांबला. नाखव्याने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि खाली बसला.

"ती नको," तो म्हणाला. "दुसरी येईल."

मला काही उमगेना. पोराने माझ्याजवळ येऊन हळूच सांगितले, "धाकट्या आजाची होडी हाय. नऊ वर्षं बोलत नायत." बापामागे होडीच्या वाटणीवरून फाटले होते. घरे एकाच आळीत, भिंतीला भिंत.

मी काय बोलणार? माझा सख्खा भाऊ ठाण्याला राहतो आणि त्या वेळी आम्हीही एकमेकांकडे फक्त लग्नाच्या पत्रिका पाठवीत होतो. मी समुद्राकडे पाहात राहिलो. बोलली ती आत्या. "अहो नाखवा, तुमचं भांडण राहू दे तिकडे आळीत. मला पाचची गोळी जेवून घ्यायची आहे आणि डबा रिकामा आहे."

नाखवा तिच्याकडे बघतच राहिला. मग धाकटीकडे बघितले. ती जाकिटात हनुवटीपर्यंत बुडून बसली होती. त्याने डोक्याचा रुमाल सोडला, वल्ह्याला बांधला आणि उभे राहून स्वतः वर-खाली, वर-खाली करू लागला. नातवाला त्याने ते करू दिले नाही.

मोठी होडी वळली. जवळ आली, पण चिकटली नाही. लाटांत दोन होड्या एकमेकींना फोडतात. सुकाणूवर तसाच चेहरा, दहा वर्षांनी तरुण. तो भावाशी बोललाच नाही. पोराला म्हणाला, "त्याला सांग, दोर नाळेच्या खांबाला बांध." नाखवा पोराला म्हणाला, "सांग त्याला, बांधलाय." दोघांमध्ये वीस हात अंतर होते आणि दोघांनाही सारे ऐकू येत होते. दोराच्या मध्यावर एक जुना टायर अडकविला, म्हणजे दोर झोळ खातो, हिसका बसत नाही. "दोराजवळून माणसं हलव म्हणावं, तुटला तर चाबूक बसेल." आम्ही हललो. नांगर वर आला आणि आमची वरात निघाली.

थळसमोर पोचलो तरी उतरता येईना. चांगले दोन तास भरतीची वाट पाहणे भाग होते. धाकट्याला मासळी उतरविण्याची घाई असणार. आम्हांला नांगरावर सोडून तो जाऊ शकला असता. तो थांबला. पूर्वेला चंद्र वर येत होता, जवळजवळ पुरा. पाणी शांत झाल्यावर त्याच्या होडीतून चहाची किटली आली, बिस्किटे आली. आत्याने गोळी घेतली. मग तो स्वतः आमच्या होडीत उतरला, कोणाकडे न बघता मागे गेला आणि टाकीत काठी घालून ढवळली. काठीला काळा चिखल लागून आला. तो त्याने भावाच्या नाकासमोर धरला.

"टाकी धुतली नायस?"

नाखवा गप्प.

"बाप काय सांगायचा? दिवाळीला घर सारवायच्या आधी टाकी धुवायची. सांगायचा का नाय?"

"सांगायचा," नाखवा म्हणाला.

पुढचा अर्धा तास तो म्हाताऱ्याला बोलत होता. टाकी, फिल्टर, उशिरा निघणे, शहरातली माणसे. ते शेवटचे मला होते आणि मी ते मुकाट्याने घेतले. नाखवा एकेका वाक्याला 'हां' म्हणत होता. अंधारात मला त्याचा चेहरा दिसला नाही. पोराला मात्र दिसत असावा, कारण तो तोंड फिरवून हसत होता.

सातनंतर होडी वाळूला लागली. मी ठरलेल्या पैशांवर ते दोनशे आणि आणखी पाचशे ठेवले. नाखव्याने मोजले, ठरलेले तेवढे घेतले आणि बाकीचे परत केले. "ठरलं ते ठरलं." धाकट्याला विचारायला गेलो तर तो मासळीच्या टोपल्या उतरवीत होता. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

महिन्याभराने मी मुंबईत दुकाने पालथी घालून एक डिझेल फिल्टर विकत घेतला. भाव पाडला नाही. रविवारी मुद्दाम थळला गेलो आणि नाखव्याच्या हातात ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. "हा दुसऱ्या इंजिनाचा हाय, दादा," तो म्हणाला. मग रुमालात नीट गुंडाळून त्याने तो होडीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवून दिला.